रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलंय, तेही सोलापूरच्या मे महिन्यात. सुरुवात कशी करावी?

जुळे_सोलापूर
गावठी पिल्लू दत्तक घेतलं आहे. मादी, वय अंदाजे ७ आठवडे, वजन अडीच किलो. आई नाही. एकही लस झालेली नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वर गच्ची, त्यामुळे दुपारी घर तापतं. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी ८ वर्षांची. दूध-भाकरी देतोय, पण शी पातळ होतेय. रात्री दोन-दोन तास रडतं. फिरायला कधी न्यायचं, अंघोळ कधी घालायची, घरात शी-शू कशी थांबवायची, सगळंच विचारायचं आहे. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

हुरडा
आधी वय खात्रीचं करून घ्या, कारण पुढचं सगळं वयावर ठरतं. तोंड उघडून दात बघा. सहा ते आठ आठवड्यांत सुईसारखे २८ दुधाचे दात पूर्ण आलेले असतात. पुढचे दात पडून जागी रुंद, पांढरे दात आले असतील तर पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं आहे, नुसतं खंगल्यामुळे लहान दिसतंय. रस्त्यावरच्या पिल्लांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते.

आता अंघोळ. पहिला आठवडाभर नाही. घाण असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. अडीच किलोचं अशक्त पिल्लू ओलं राहिलं तर मे महिन्यातसुद्धा पंख्याखाली गारठतं. माणसाचा साबण आणि डेटॉल तर नकोच, कातडी सोलवटते.

पहिले तीन दिवस घरात पाहुणे बोलावू नका. शेजारची मुलं बघायला येतातच. त्यांना दारातून बघू द्या, उचलू देऊ नका. एकच खोली, किंवा खोलीचा एक कोपरा खुर्च्या आडव्या लावून अडवलेला, एवढंच त्याचं जग असू द्या. पूर्ण फ्लॅट मोकळा दिला की ते प्रत्येक खोलीत शू करतं आणि घाबरून सोफ्याखाली शिरतं. मग लोक ओढून बाहेर काढतात, आणि हात दिसला की दात काढायची सवय तिथून लागते. लपलं तर लपू द्या. तुम्ही जमिनीवर बसा, पाठ थोडी वळवून, आणि खाण्याचा तुकडा हातभर अंतरावर ठेवा.

रात्रीचं रडणं म्हणजे हट्ट नाही. आजवर ते भावंडांच्या ढिगात झोपलेलं आहे. खोका किंवा पिंजरा तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला की लागेल इतका जवळ. पहिले सात-आठ दिवस असं करा, मग रोज हातभर लांब सरकवत न्या. हॉलमध्ये एकटं ठेवून ‘रडून रडून गप्प बसेल’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गप्प बसतं ते थकून. भीती तशीच राहते आणि पुढे एकटं सोडलं की दार कुरतडण्यात ती दिसते. मात्र मध्यरात्री उठलं तर आधी शू करवून आणा. दिवा लावू नका, खेळू नका, परत जागेवर ठेवा.

दशा_पदर
अंथरुणाला आपली सोलापुरी चादर उत्तम. जाड सुती असते, घाम आणि शू शोषते, रोज धुतली तरी टिकते. पण दोन्ही टोकांच्या दशा आधी कात्रीने कापा आणि कड दुमडून शिवून टाका. पिल्लू दशा चावून गिळतं. लांब दोरा पोटात गेला की एक टोक अडकतं, आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं आणि दोऱ्याने कापलं जाऊ शकतं. उलट्या, न खाणं, पोटाला हात लावू न देणं ही लक्षणं. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. टर्किश टॉवेल तर नकोच, त्याच्या फासांत नखं अडकतात. त्यापेक्षा जुनं धोतर किंवा सुती लुगडं बरं.

बाल्कनीचे गज मोजा. दोन गजांतली फट ७-८ सेंटिमीटर असली तर हे पिल्लू सहज निघून जातं. आजच कोंबडजाळी तारेने आवळून बसवा, खालून दोन फूट उंचीपर्यंत.

जुळे_सोलापूर
धन्यवाद, दशा आत्ताच कापतो. पण दूध-भाकरी थांबवायची तर द्यायचं काय? घरचंच द्यायचं आहे. अंडं-चिकन घरात चालतं.

कडकभाकरी
दूध आजपासून बंद. आईच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात साखर, म्हणजे लॅक्टोज, जास्त असते. ती पचली नाही की आतड्यात पाणी ओढते, म्हणून पातळ शी. ज्वारीची भाकरी विषारी नाही, पण वाढत्या पिल्लाचं तिच्यावर भागत नाही. प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम तर जवळपास नाहीच. दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि पुढचे पाय वाकडे दिसतात ते यामुळे, आणि जंतांमुळे.

अडीच किलोच्या, चार महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसाला साधारण ४२० कॅलरी लागतात. घरचं मोजून द्यायचं तर शिजवलेलं बिनहाडाचं चिकन १०० ग्रॅम, शिजलेला मऊ भात १२० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, लाल भोपळा ३० ग्रॅम आणि अर्धा चमचा तेल. मीठ, हळद, मसाला काही नाही. याचे चार भाग करा आणि सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ अशा वेळा धरा. ताट १५ मिनिटं ठेवायचं, मग उचलायचं. दिवसभर ठेवलेलं अन्न मे महिन्यात दोन तासांत आंबतं.

अन्न एका दिवसात बदलू नका. पहिल्या दिवशी नुसता भात आणि चिकनचं पाणी, दुसऱ्या दिवशी चिकन निम्मं, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पूर्ण. दर रविवारी वजन करा. काट्यावर तुम्ही एकटे उभे राहा, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी करा. मोठेपणी १८ किलोच्या आसपास जाणाऱ्या पिल्लाचं वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढायला हवं. वजन वाढेल तसं जेवणही वाढवा, आजचं माप महिनाभर चालत नाही.

आपल्याकडच्या घरात काय टाळायचं तेही सांगतो. शेंगाचटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून चटणीचा हात चाटायला देऊ नका आणि आमटीत भाकरी कुस्करून घालू नका. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत. आपल्या जिल्ह्यात बेदाण्याची पाकिटं घरोघरी असतात आणि मुलं प्रेमाने भरवतात. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती दाण्यांनी होईल याचा भरवसा नाही. शिजवलेली हाडंही बंद, त्यांच्या कपच्या होतात.

हुरडा
कडकभाकरी यांच्या मापात एक भर. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास शून्य, त्यामुळे नुसत्या चिकन-भातानेही हाडं ठिसूळ राहतात. अंड्याची टरफलं १० मिनिटं उकळा, कडक वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा आणि दिवसाला सपाट अर्धा ते पाऊण चमचा जेवणात मिसळा. तरीही जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व घरच्या जेवणात अपुरंच राहतं. म्हणून हे दोन-तीन आठवड्यांपुरतं धरा. नंतर पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य सुरू करा, नाहीतर डॉक्टरांकडून पूरक पावडर मोजून घ्या. कोरडं खाद्य दिवसाला साधारण ११० ग्रॅम, सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून. एक लक्षात ठेवा. पूर्ण तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप घालायचं नाही. जास्त झालेलं कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं.

पूर्वभाग
सगळ्यात आधी डॉक्टर. शी पातळ आहे म्हणता, तर उद्याच ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घेऊन जा. जंतांचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. तीन महिने वयापर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, मग तीन महिन्यांनी. औषध दिल्यावर शीत शेवयांसारखे जंत पडतील, घाबरू नका. हिरड्या रोज बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर हुकवर्म (आतड्यातले रक्त पिणारे जंत) किंवा गोचिडांनी रक्त ओढलेलं असू शकतं.

लसीबद्दल. डिस्टेंपर आणि पार्वो या पिल्लांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून, दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. लोक दोन डोसांवर थांबतात आणि तिथेच फसतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करते. ती कुठल्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने बूस्टर. ताप किंवा जुलाब चालू असताना लस देत नाहीत, त्यामुळे आधी पोट ठीक करा.

पार्वोचा विषाणू मातीत आणि फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. तो चपलांबरोबर घरात येतो. चपला दाराबाहेर काढा. आणि फिनाईलवर विसंबू नका, पार्वो फिनाईलने मरत नाही. आधी फरशी साबणाने धुवा, मग साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३० भाग, म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण दोन मोठे चमचे. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने धुवा. पिल्लू तोवर दुसऱ्या खोलीत. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

पार्वोची लक्षणं: खाणं सोडणं, सुस्ती, उलट्या, मग घाण वास असलेले, बऱ्याचदा रक्ताचे जुलाब. या वयाचं पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं. ‘उद्या बघू’ नाही. शीवरची किट-चाचणी दवाखान्यात काही मिनिटांत होते, सलाईन लवकर लागलं तर वाचतात. रविवारी आणि रात्री कोण डॉक्टर फोन उचलतात ते आजच विचारून दारामागे लिहून ठेवा. खासगी दवाखाने आहेतच, पण सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाच्या वेळाही माहीत असू द्या.

पिल्लू अचानक थंड, लटपटतंय, डोळे फिरवतंय असं दिसलं तर साखर उतरली असू शकते. साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा, उबदार गुंडाळा आणि निघा. बेशुद्ध असेल तर घशात काही ओतू नका. माणसाच्या तापाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल असो की आयब्युप्रोफेन, द्यायच्या नाहीत.

जुळे_सोलापूर
खेळताना मुलीच्या मनगटावर दात लागलाय. रक्त अगदी टिपकाभर. पिल्लू एवढंसं आहे, तरी इंजेक्शन लागेल का?

पूर्वभाग
लागेल. हा धागा बंद करून आत्ताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल काही लावू नका, पट्टी बांधू नका. मग थेट सिव्हिलला जा. रक्त आलंय म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम धरतात, त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यंही देतात. धनुर्वाताचं विचारून घ्या.

‘पिल्लू लहान आहे, त्याला कुठला रेबीज’ हा समज जीवघेणा आहे. आईला किंवा भावंडांना रेबीज असेल तर सात आठवड्यांच्या पिल्लालाही होतो, आणि लक्षणं दिसायच्या आधी काही दिवस लाळेत विषाणू असतो. पिल्लावर १० दिवस नजर ठेवा, पण ते १० दिवस संपायची वाट बघत लस लांबवू नका. पहिला डोस आज. पुढच्या तारखा दवाखान्यात कागदावर लिहून देतात, एकही चुकवू नका. तुम्हा दोघांच्या हातांवर ओरखडे असतील तर तेही दाखवा.

दशा_पदर
आणि मुलीला रागावू नका. या वयात पिल्लू तोंडानेच जग चाचपतं. दात लागले की हात झटक्याने ओढायचा नाही, हलणारा हात त्याला शिकार वाटतो. हात ढिला सोडायचा, खेळ थांबवायचा, उठून अर्धा मिनिट पाठ फिरवायची. मग चावायला योग्य वस्तू द्यायची. जुन्या बनियनची घट्ट वेणी घालून ओली करून फ्रीजरमध्ये ठेवा. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात तेव्हा त्याने हिरड्यांना फार आराम पडतो. मात्र ती तुमच्या हातात धरूनच चावू द्या आणि धागे सुटायला लागले की टाकून द्या. नाकावर टपली मारणं, तोंड दाबून धरणं पूर्ण बंद. त्याने चावणं थांबत नाही, गुरगुरून सांगायचं तेवढं थांबतं आणि पुढे ते न सांगता चावतं.

कंबर_तलाव
उन्हाचं कुणी लिहिलं नाही. गच्चीखालचा मजला असेल तर दुपारी १२ ते ५ पिल्लू सगळ्यात थंड फरशीवर ठेवा. बहुतेक घरांत ती न्हाणीघराजवळची किंवा मोरीजवळची जागा असते. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. ओलं पोतं अर्ध्या भागात पसरा, अर्धा कोरडा ठेवा. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या. कूलर लावलात तर खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो आणि धापा टाकूनही अंग थंड होत नाही.

पाणी मातीच्या जड, उथळ भांड्यात, दोन जागी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, साठवणीचं असतं. ते झाकलेलं असू द्या आणि भांडं दिवसातून तीनदा घासून भरा. भरलेल्या बादल्या आणि टिप (पाण्याचं पिंप) उघडं ठेवू नका, पिल्लू वाकून आत पडतं आणि बाहेर येऊ शकत नाही.

अंगाचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर, जोरात धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ दिसली की साधं नळाचं पाणी पोट, जांघा आणि पावलांवर ओता आणि पंखा लावा. बर्फ लावू नका, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. १०३ ला आलं की पाणी ओतणं थांबवा आणि दवाखान्यात न्या. बरं दिसलं तरी न्या, आतली इजा नंतर कळते.

हुरडा
आता फिरणं आणि शी-शू. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवू नका. पण म्हणून चार महिने घरात कोंडूही नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे शांतपणे बघतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. तुमच्याकडे जेमतेम सात आठवडे उरलेत. कडेवर किंवा झोळीत घेऊन सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतर खाली उतरा. रिक्षा, टमटम, कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, यंत्रमागाचा खडखडाट, सगळं लांबून पाच-दहा मिनिटं दाखवा आणि खाऊचे तुकडे देत राहा. खाऊ घेईना म्हणजे ते घाबरलंय, आणखी लांब जा.

शी-शूला झोपेतून उठल्या उठल्या, जेवणानंतर १०-२० मिनिटांनी, खेळ थांबल्यावर आणि जागेपणी दर दीड-दोन तासांनी ठरलेल्या जागी न्या. बाल्कनीत ट्रेमध्ये वर्तमानपत्र, खाली त्याच्याच शूचा एक कागद, म्हणजे वास ओळखतं. झाल्यावर तीन सेकंदांच्या आत, तिथेच, खाऊ. घरात येऊन दिला तर घरात येण्याचं बक्षीस मिळतं. चुकून झालं तर नाक घासायचं नाही. पुसा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून त्या जागी लावा. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास शूसारखा असतो आणि पिल्लू परत तिथेच जातं.

तुम्ही दोघं नोकरीला, हाच खरा प्रश्न आहे. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-अडीच तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, आणि दुपारचं जेवणही आहे. पहिले दोन आठवडे आळीपाळीने रजा काढा. नंतरही दुपारी एकदा येणारं माणूस ठरवाच. बंद पिंजऱ्यात आठ तास ठेवणं म्हणजे त्याला स्वतःच्या घाणीत बसायला लावणं. अडवलेला कोपरा ठेवा, एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला कागद. एकटं राहायची सवय आजपासून लावा. चपला घाला, बाहेर जा, १० सेकंदांत परत या. मग ३० सेकंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं. रडायच्या आधी परत यायचं असतं. रडलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा.

कंबर_तलाव
पाऊस सुरू झाला की गोचिडांचं बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली रोज चाचपा. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढून फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं अंगावरचं काढून संपत नाही, चौकटी आणि स्कर्टिंगच्या फटी सिमेंटने बुजवाव्या लागतात. काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, रॉकेल लावू नका. मानेवर टाकायचं औषध आठ आठवड्यांनंतर, वजनाप्रमाणे. गोठ्यात जनावरांना मारायचं औषध कुणी पाण्यात कालवून दिलं तर घेऊ नका, पिल्लू चाटतं आणि झटके येतात. गोचीड-ताप वेळेत ओळखला तर बरा होतो: ताप, खाणं बंद, नाकातून रक्त, अंगावर जांभळे ठिपके.

जुळे_सोलापूर
सिव्हिलला जाऊन आलो, मुलीचा पहिला डोस झाला. पिल्लाला उद्या सकाळी नेतोय. एक शेवटचं: सोसायटीतले दोघं म्हणतात, कुत्रं चालणार नाही.

पूर्वभाग
डोस झाला हे वाचून फार बरं वाटलं. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांची प्रत काढून सचिवांना द्या. पाळलेलं जनावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, तेही सांगा. पण त्यांचं म्हणणंही ऐका. जिन्यात पट्टा, शी झाली तर उचलायला कागद, लसीचं कार्ड दाखवायची तयारी आणि साधारण सहा महिन्यांनी नसबंदी, एवढं दिसलं की बरेचजण निवळतात.

दशा_पदर
आणि आवाजाची तयारी आत्ताच सुरू करा. गणपती येतील तेव्हा पिल्लू पाच-सहा महिन्यांचं असेल, मग दिवाळी, मग जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम. मोबाईलवर ढोल आणि फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, जेवणाच्या वेळी, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. कान टवकारून परत खायला लागलं तर तीन-चार दिवसांनी आवाज एक काडी वाढवा. खाणं सोडून बाजूला गेलं तर दोन काड्या कमी. उद्या डॉक्टरांकडे जाताना शीची डबी, झोळी आणि जुनी चादर बरोबर घ्या, आणि तिथे पिल्लाला जमिनीवर ठेवू नका, मांडीवरच असू द्या.